कुलवृत्तान्ताची दुसरी आवृत्ती: शोधाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

हाती असलेलं साहित्य: १९५८ साली छापलेला कुलवृत्तान्त (घराण्याचा इतिहास आणि वंशावळ) आणि दोन हस्तलिखित वंशावळी, एक मूळ गावची, दुसरी साताऱ्याकडच्या शाखेची. घराणं भीमेकाठच्या गावचं, वतन कुलकर्णाचं, म्हणजे गावचं दप्तर लिहिण्याचा वंशपरंपरागत हक्क. पुस्तकात मूळपुरुष मल्हार, त्याचे मुलगे त्रिंबक आणि कृष्णाजी, तिथून खाली १९५८ पर्यंतचा विस्तार. १८२० च्या मागे गेलं की दोन्ही वंशावळी एकमेकींशी जुळत नाहीत. गावच्या वंशावळीत जिथे सात पिढ्या आहेत तिथे साताऱ्याच्या वंशावळीत दहा.

शोधाचा पहिला नियम: आडनावाने शोधायचं नाही. तहसील कचेरीतलं दप्तर गावावार असतं आणि गावात सर्व्हे नंबरवार. पुरालेखागारातला कागद ज्या कचेरीत तयार झाला त्या कचेरीच्या नावाखाली असतो. तीर्थोपाध्यायांच्या नामावळी (यात्रेकरूंच्या कुटुंबांच्या नोंदवह्या) गाव आणि जात धरून लावलेल्या असतात. आडनावांची सूची फक्त छापील कुलवृत्तान्ताच्या शेवटी मिळते. त्यातून जुन्या मोडी कागदांत आडनाव बहुधा नसतंच. ‘त्रिंबक मल्हार कुलकर्णी, मौजे अमुक’ एवढ्यावर भागवलेलं असतं. याच घराण्यात गावात राहिलेले कुलकर्णीच राहिले आणि नोकरीनिमित्त बाहेर पडलेल्यांनी गावाच्या नावाला ‘कर’ जोडला.

म्हणून प्रत्येक शाखेसाठी शोधपत्र तयार केलं. त्यात आडनाव सर्वांत खाली. वर गावाचं आजचं नाव आणि जुन्या कागदांतली रूपं, जुना परगणा आणि तर्फ (तेव्हाचे महसुली विभाग), वतन, गोत्र, कुलदैवत. परगणा माहीत नसेल तर पुण्याच्या पुरालेखागारात जाण्यात अर्थ नाही. आजचा तालुका आणि पेशवाईतला परगणा एकच असेल असं धरून चालणारे लोक भलतेच रुमाल (कागदांची बासनं) मागवतात आणि ‘काही नाही सापडलं’ म्हणत परततात.

क्रमांकांचाही निर्णय झाला. जुन्या आवृत्तीत ३-२-१-४ असा उतरता क्रमांक आहे, म्हणजे तिसऱ्या मुलाच्या दुसऱ्या मुलाचा पहिला मुलगा, त्याचा चौथा. वाचायला सोयीचा, पण मधेच एखादा थोरला भाऊ सापडला की खालची सगळी शाखा पुन्हा मोजावी लागते. आता प्रत्येक व्यक्तीला कायमचा साधा क्रमांक. उतरता क्रमांक छपाईच्या वेळी संगणक काढेल, कागदपत्रांत तो वापरायचा नाही.

९ जानेवारी

ग्रंथालयांचं काम. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ, ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय, दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. तिन्ही संस्था जुन्या (ठाण्याची १८९३, मुंबईची १८९८, मंडळ १९१०). कुलवृत्तान्त बहुतेक घराण्यांनी स्वखर्चाने छापलेले, प्रती मोजक्या, त्या भाऊबंदांत वाटलेल्या. दुकानात ते मिळत नाहीत, ग्रंथालयात देणगीतून आलेले असतात.

तालिकेत शोधताना एकाच शब्दावर थांबू नये. कुलवृत्तान्त, कुलवृत्तांत, कुलवृत्त, वंशवृक्ष, वंशावळ, वंशविस्तार, ‘अमुक घराण्याचा इतिहास’ हे सगळे शब्द लावून पाहावे लागतात. अनुस्वाराच्या एका फरकाने पुस्तक ‘नाही’ ठरतं. चरित्राच्या किंवा इतिहासाच्या कपाटात गेलेलीही बरीच आहेत, म्हणून कपाटापाशी जाऊ देत असतील तर दोन्ही कपाटं डोळ्यांखालून घालावीत.

स्वतःच्या घराण्याचं पुस्तक हातात असेल तरी सोयऱ्यांची पुस्तकं पाहायची. लेकी कुठे दिल्या आणि सुना कुठून आणल्या याची यादी काढली आणि त्या घराण्यांचे कुलवृत्तान्त मागवले. आपल्या पुस्तकात ‘कन्या: गोदावरी’ एवढंच असतं, सासरच्या पुस्तकात तिचं सासरचं नाव, वडिलांचं पूर्ण नाव, गाव आणि कधी कधी लग्नाचा शकही असतो. जुळणी करताना माहेरचं नाव धरायचं, कारण लग्नात बदललेलं नाव दोन्हीकडे नोंदलेलं असेलच असं नाही.

१५ जानेवारी

तहसील अभिलेख कक्ष. दोन प्रकारचं दप्तर मागितलं: गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, आणि जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी.

नमुना १४ म्हणजे गावची जन्ममृत्यूची नोंदवही. जुनी पानं मोडीत, पुढची बाळबोधीत (देवनागरीत). जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव बहुतेक वेळा नसतं, कारण बारशाच्या आधीच वर्दी गेलेली असते. ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’, बापाचं नाव, जात, तारीख, इतकंच. त्यामुळे एकट्या या वहीवरून माणूस ओळखता येत नाही. बापाच्या नावाखाली जन्मांची यादी करायची, त्याच बापाच्या घरच्या बालमृत्यूंची यादी शेजारी मांडायची आणि उरलेले जन्म शाळेच्या जनरल रजिस्टरातल्या नावांशी लावायचे. शाळेची तारीख मात्र घासून पाहावी. १ जून हा जन्मदिवस असलेली मुलं प्रत्येक गावात शेकड्यांनी सापडतात. गुरुजींनी प्रवेशासाठी लावलेली ती तारीख आहे. तिथलं वर्ष अंदाजी, दिवस कामाचा नाही.

पानं ठिसूळ, कडा गेलेल्या. आधी पानावरचा क्रमांक आणि वर्ष यांचा फोटो, मग पानाचा, मग नोंदीचा जवळून. हे तिन्ही नसतील तर पुढे नक्कल मागताना पानच सापडत नाही. नुसत्या नोंदीचे सुंदर फोटो घेऊन आलेल्यांची नंतर पंचाईत होते.

१६ जानेवारी

फेरफार मागे मागे नेण्याची रीत अशी. आजच्या सातबाऱ्यावर वर्तुळात जे फेरफार क्रमांक आहेत ते उतरवायचे. प्रत्येक फेरफार (गाव नमुना ६) काढायचा, त्यात आधीच्या मालकाचं नाव आणि हक्क कसा आला ते पाहायचं: वारस, वाटप, खरेदी, गहाणफेड. मग त्याच्याही मागचा. बऱ्याच गावांत ही वाट एकत्रीकरण योजनेपाशी अडते. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि जुने फेरफार जुन्या सर्व्हे नंबरांवर आहेत. मधला पूल म्हणजे भूमि अभिलेख कार्यालयातला एकत्रीकरणाचा उतारा, जिथे जुना नंबर आणि नवा गट शेजारीशेजारी असतात. तो आधी घेतला की पुढचं काम भराभर होतं.

काही जिल्ह्यांचे जुने कागद राज्य शासनाच्या महाभूमीच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर छायाचित्रांत मिळतात, पण सगळे तालुके सारखे भरलेले नाहीत. तिथे नसलं म्हणजे कचेरीतही नाही असं मानू नये.

वारस फेरफाराच्या बाबतीत तीन सावधगिऱ्या. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. वर्दी वर्षानुवर्षं दिलेली नसते. एका फेरफारात आजा आणि बाप दोघेही मयत दाखवून थेट नातवाचं नाव लागलेलं इथे सापडलं. मजकूर न वाचता नुसता तक्ता पाहिला तर नातू मुलगा होऊन बसतो आणि एक पिढी गायब. दुसरी, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधी मुलगे असताना मुलींची नावं सहसा नसतात, म्हणजे ‘वारस तीन’ याचा अर्थ अपत्यं तीन असा नाही. नंतरच्या फेरफारांत बहिणींची नावं लागतात आणि मागोमाग हक्कसोडीने कमी होतात. घराण्याच्या इतिहासासाठी हे हक्कसोडपत्र फार मोलाचं, कारण त्यात लेकीचं सासरचं पूर्ण नाव आणि गाव असतं. तिसरी, संक्षेप. ‘ए. कु. क.’ म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. नाव एकाचं, हक्क सगळ्या भावांचा. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता. पुढचं नाव आईचं असेल तर बाप त्या तारखेला हयात नव्हता असं बहुधा धरता येतं. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको.

३ फेब्रुवारी

पुणे पुरालेखागार, म्हणजे पेशवे दप्तर. इमारत १८९१ ची, मुद्दाम दप्तरासाठी बांधलेली. इंग्रजी अमदानीत याचं नाव एलिनेशन ऑफिस होतं, आणि ते ध्यानात ठेवायला हवं: ज्या जमिनींचा सारा सरकारात येत नव्हता, त्या कोणाच्या आणि का, याचा निवाडा करण्यासाठी इथे दप्तर एकवटलं. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याला त्याचा आयता लाभ मिळतो. सारामाफी टिकवायची तर वंश सिद्ध करावा लागे, आणि म्हणून वंशावळ सरकारात दाखल होई.

इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तराचे निवडक कागद ४५ खंडांत छापले. त्यांत राजकारण भरपूर, गावचा कुलकर्णी क्वचित. घराण्याचा शोध त्या खंडांत सुरू करणं म्हणजे वेळ दवडणं. इथे आलं की रुमालांच्या याद्या पाहायच्या. दप्तरांची नावं पाहून दिपून जाऊ नये. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, जमाव, शाहू दफ्तर, सातारा महाराज दफ्तर, इनाम कमिशन अशी दप्तरांची वर्गवारी आहे. रोजकीर्दीत रोजचा जमाखर्च आणि हुकूम दिवसाच्या क्रमाने. तारीख ठाऊक असेल तरच हात घालावा. प्रांत अजमास प्रांतावार, तिथे गावाची जमा आणि वतनदारांचे हक्क मिळतात. वंशावळीसाठी पहिला हात इनाम कमिशनला.

इनाम कमिशन म्हणजे सारामाफ जमिनींच्या हक्कांची सरकारी चौकशी. तिला कायद्याचं बळ १८५२ च्या अकराव्या कायद्याने आलं, आणि १८६३ च्या दोन कायद्यांनी सरसकट ठराव करून बहुतेक चौकशा मिटवल्या. तेव्हा या मधल्या दहा-अकरा वर्षांतले कागद आपल्या कामाचे. त्यांत इनामदाराची कैफियत (लेखी निवेदन), सोबत सनदांच्या नकला, वंशावळ आणि निकाल असतो.

रुमाल म्हणजे खरोखरच कापडाचा रुमाल: आत पुडकी, पुडक्यांत बंद (कागद). उघडताना क्रम बिघडू द्यायचा नाही, पानं आधी मोजायची आणि बांधताना पुन्हा मोजायची. टिपणं पेन्सिलीने. पंखा थेट डोक्यावर असेल तर जागा बदलून घ्यावी; सुटे बंद उडाले तर कुठल्या पुडक्यातले हे सांगणारं कोणी नाही. टिपणाच्या वर दप्तराचं नाव, रुमाल क्रमांक, पुडकं, बंद, या चारही गोष्टी. छायाप्रतींसाठी अर्ज द्यावा लागतो, त्यात यांतलं काही राहिलं तर अर्ज परत येतो.

५ फेब्रुवारी

कैफियत सापडली. पाच बंद. वाचनाची पद्धत: दोघांनी एकमेकांचं न पाहता बाळबोध करायचं, मग ओळीवार ताडायचं, फरक लाल शाईने. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नाहीत, आधी रेघ ओढून खाली अक्षरं सलग लटकवलेली, शब्द तोडलेले नाहीत. ‘ता।’ दिसलं तर ते तर्फ की तागायत हे पुढच्या शब्दावरून ठरतं. पुढे ठिकाण असेल तर तर्फ, तारीख असेल तर तागायत. नावांच्या बाबतीत अक्षर जसं आहे तसंच उतरवायचं. ‘त्रींबक’ असेल तर त्रींबक. त्र्यंबक की त्रिंबक हा निर्णय नोंदणीच्या वेळी, वाचनाच्या वेळी नाही.

वंशावळीचा मजकूर ठरावीक साच्यातला: मूळपुरुष मल्हार, त्यास पुत्र दोन, वडील त्रिंबक, धाकटा कृष्णाजी. त्रिंबकाची शाखा सविस्तर, पाच पिढ्या. कृष्णाजीखाली रंगो आणि बापूजी असे दोन मुलगे आणि त्यांचा विस्तार, शेवटी निराळ्या हाताने समासात अर्धी ओळ: ‘तिसरा परागंदा’. नाव नाही.

कैफियत कोणी दिली ते आधी पाहायचं. ही त्रिंबकाच्या शाखेने दिलेली. मूळ इनामदारापासून आपण औरस वंशातले आहोत हे दाखवणं हा तिचा हेतू, म्हणून स्वतःची ओळ चोख आणि भाऊबंदांची जेमतेम. निपुत्रिक गेलेले चुलते, बाहेर पडलेले भाऊ, दत्तक याबद्दल अशा कागदाचं मौन हा पुरावा नव्हे. ज्यांच्यामुळे हक्काला बाध येईल ते इथे गाळलेले असू शकतात, आणि ज्यांच्यामुळे बळकटी येईल ते ठळक. छापील कुलवृत्तान्तांत कैफियतीच्या वंशावळी जशाच्या तशा उचललेल्या दिसतात, त्या याच कारणाने एका शाखेला झुकलेल्या असतात.

१२ फेब्रुवारी

तारखा. कैफियतीला जोडलेल्या सनदेच्या नकलेवर ‘सु॥ सीत सबैन मया व अलफ, छ १२ सवाल’.

‘सु॥’ म्हणजे सुहूर सन, ‘छ’ म्हणजे चांद्र महिन्यातला दिवस. वर्ष उलट्या क्रमाने अरबी संख्याशब्दांत असतं: एकं, दहं, शतं, सहस्र. सीत ६, सबैन ७०, मया १००, अलफ १०००, एकूण ११७६. सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सनाचं पहिलं वर्ष येतं, १७७५. हे वर्ष मृगाला सुरू होतं, त्या काळी ४-५ जूनच्या आसपास. म्हणून ११७६ म्हणजे जून १७७५ ते जून १७७६. जानेवारी ते मे यांतल्या तारखेसाठी ६०० मिळवायचे. पाठ करण्याजोगे शब्द थोडेच आहेत: इहिदे, इसन्ने, सल्लास, अर्बा, खमस, सीत, सब्बा, समान, तिस्सा हे एक ते नऊ, अशर, अशरीन, सल्लासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन हे दहा ते नव्वद. सीत आणि सितैन, समान आणि समानीन यांच्यात डोळा हमखास फसतो, आणि चूक साधीसुधी नाही, दशकांची होते.

महिना मात्र हिजरी. त्या वर्षातला सवाल २५ नोव्हेंबर १७७५ च्या सुमारास लागतो, तेव्हा छ १२ सवाल म्हणजे डिसेंबरचा पहिला आठवडा, शके १६९७, मार्गशीर्षाचा शुक्ल पक्ष. चंद्रदर्शनामुळे एखादा दिवस इकडेतिकडे होतो. दिवस नेमका हवा असेल तर वार लिहिलेला असला पाहिजे.

मृगसाल सौर आणि महिने चांद्र असल्याने दर वर्षी सुमारे अकरा दिवसांच्या तारखा दोनदा येतात. याच ११७६ मध्ये रबिलाखर या हिजरी महिन्याचा मधला भाग जून १७७५ मध्येही आहे आणि मे-जून १७७६ मध्येही. नुसती ‘छ १० रबिलाखर’ अशी तारीख आली असती तर ती दोन ठिकाणी बसली असती. मजकुरातला दुसरा धागा, शक किंवा पिकाचा हंगाम, सापडेपर्यंत अशा तारखा दोन्ही पर्यायांसह नोंदवायच्या. जंत्रीत (तारखांच्या कोष्टकात) पहिली जुळलेली ओळ उचलणं हा या कामातला सर्वांत सोपा घोटाळा.

शकात ७८ मिळवायचे, पौष-माघ-फाल्गुनात तारीख १ जानेवारीपुढे गेली असेल तर ७९. फसली या महसुली सनात ५९०, उत्तरार्धात ५९१.

४ मार्च

नाशिक आणि त्र्यंबकेश्वर. उपाध्यायांना नाव सांगण्याआधी जात, मूळ गाव आणि तालुका सांगायचा. ते सांगितलं की अमुक गाव कोणाकडे हे तिथे कोणीही सांगतं. गावं उपाध्यायांच्या घराण्यांत वाटलेली आहेत आणि भावाभावांच्या वाटणीत नामावळीही वाटल्या जातात. एका घरी जुनी वही, पुढची चुलतभावाकडे, असं होतं. पहिल्या घरी ‘१९२० नंतर नोंद नाही’ कळलं तर पुढची वही कोणाकडे गेली एवढाच प्रश्न विचारायचा. फोटो काढू द्यायचा की नाही ही त्यांची मर्जी. वही हा त्यांच्या पिढीजात वृत्तीचा आधार आहे. वाचून दाखवतात, आपण लिहून घ्यायचं, शेवटी पुन्हा वाचून घ्यायचं. दक्षिणा आधी विचारावी, घासाघीस करू नये.

नामावळीतली नोंद म्हणजे त्या दिवशीचं कुटुंब: यात्रेला आलेल्याचं नाव, बाप, आजा, पणजा, भाऊ, मुलगे, कधी बायकांची नावंही, खाली सही. यात वंशावळीपेक्षा वेगळा गुण आहे. वंशावळ कोणीतरी मागाहून जुळवलेली असते. इथे तो माणूस स्वतःचा आणि हयात भावांचा हिशेब देतो. आज्याच्या वरची नावं मात्र ऐकीव, त्यांना तेवढंच वजन. जुनी वही जीर्ण झाली की नवी उतरवून काढतात, तेव्हा मूळ सह्या जातात आणि एकाच अक्षरात पाच पिढ्या दिसतात. अशा पानावर ‘नक्कल’ असा शेरा आपल्या टिपणात हवाच.

सिंहस्थाच्या वर्षांत नोंदी दाटीने असतात: १९५६, १९६८, १९८०, १९९१-९२, २००३. घाई असेल तर ती पानं आधी मागावीत. पुढच्या सिंहस्थाची तयारी सुरू झाली की वह्या निवांत पाहायला मिळणार नाहीत.

त्र्यंबकेश्वरच्या वहीत मिळालेली नोंद अशी: आडनाव निराळं, मूळ गाव आपलंच, गोत्र आपलंच, मुक्काम बडोदे. आलेल्याचा पणजा ‘महादाजी कृष्णाजी’. कैफियतीतला बेनाव तिसरा हाच असावा, असा तर्क. पुरावा अजून नाही. पणजाचं नाव ऐकीव या सदरातलंच. नोंद शिशाने, म्हणजे तूर्त कच्ची.

१८ मार्च

हरिद्वारच्या वह्यांची छायाचित्रं. फॅमिलीसर्च ही संस्था १८९४ पासून वंशावळींचे कागद गोळा करते. तिचं सॉल्ट लेक सिटीतलं ग्रंथालय या विषयातलं जगातलं सर्वांत मोठं. हिंदू यात्रेकरूंच्या नोंदींची मायक्रोफिल्मं तिने घेतलेली आहेत. २०१७ साली तिने फिल्मं टपालाने केंद्रांना धाडणं बंद केलं, आणि २०२१ मध्ये सगळ्या फिल्मांची छायाचित्रं पूर्ण केली. तिथेही पहिला नियम तोच: तालिका ठिकाणावार. देश, राज्य, जिल्हा, गाव असं उतरत जायचं. नावाच्या चौकटीत मराठी आडनाव घालून शोध घेतला तर हाती काही लागत नाही, कारण या वह्यांची बहुतेक पानं सूचीत उतरलेली नाहीत. चित्रसंच उघडून पानामागून पान पाहायचं. काही संच घरून उघडत नाहीत, संस्थेच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयातच दिसतात. कॅमेऱ्याच्या चिन्हावर किल्ली असेल तर तो प्रकार.

तिथला कालमेळ निराळा. विक्रम संवत, म्हणून ५७ वजा (वर्षअखेरीस ५६), आणि महिने पौर्णिमान्त. आपला मार्गशीर्ष वद्य पक्ष तिथे पौष कृष्ण पक्ष होतो. शुक्ल पक्षात दोन्हींत फरक नाही. वद्य तिथी आपल्या जंत्रीत सरळ पाहिली तर महिनाभराची चूक होते.

या घराण्याची नोंद पाहिलेल्या संचांत नाही. कोणते संच पाहिले त्यांचे क्रमांक टिपून ठेवले, म्हणजे पुन्हा कोणी तेच चाळत बसणार नाही.

२ एप्रिल

ग्रॅम्प्स या वंशावळीच्या आज्ञावलीत नोंदणी. नावाचे रकाने: व्यक्तीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि ‘कागदातलं रूप’ निराळं. कागदातल्या रूपाला कधीही हात लावायचा नाही. दत्तकासाठी एकाच मुलाची दोन कुटुंबांत नोंद, एकीकडे नातं ‘जन्माने’, दुसरीकडे ‘दत्तक’. भाऊबंदांतलाच मुलगा दत्तक घेतला की पिढी सरकते: पुतण्याचा मुलगा घेतला तर जो नातवाच्या पिढीतला तो मुलाच्या जागी येतो. दोन वंशावळींतल्या सात आणि दहा पिढ्यांपैकी एका पिढीचा फरक असाच निघाला. गावच्या वंशावळीने दत्तक बाप धरला आहे, साताऱ्याच्या वंशावळीने जन्मदाता.

देवनागरीचा एक तांत्रिक त्रास. ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ ही अक्षरं दोन तऱ्हांनी टंकता येतात: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडखूण घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला निराळी. ‘कोऱ्हाळे’ शोधलं तर अर्धेच कोऱ्हाळे सापडतात. सगळी नावं एकाच रूपात आणण्यासाठी बदली चालवून घेतली, आणि पुढे टंकलेखन करणाऱ्या सगळ्यांना एकच कळफलक दिला. जेडकॉममध्ये (वंशावळी देण्याघेण्याच्या प्रमाण स्वरूपात) फाइल काढताना संकेतन यूटीएफ-८ च ठेवायचं. जुनी आज्ञावली दुसरं काही सुचवते आणि नावांची प्रश्नचिन्हं होतात.

१६ एप्रिल

वतन रजिस्टर. १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याखाली तयार झालेलं. त्यात वतनदारांची नावं आणि समोर तक्षीम, म्हणजे रुपयात किती आण्यांचा वाटा. नावांपेक्षा हे आकडे बोलके आहेत.

रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. प्रत्येक वाटणीत भावांना सारखा वाटा मिळतो, म्हणून अपूर्णांकावरून भावांची संख्या मागे काढता येते. आठ आणे म्हणजे पहिल्याच पायरीला दोघे. पाच आणे चार पै म्हणजे तिघे. दोन आणे आठ पै म्हणजे एक षष्ठांश, दोघांपैकी एकाला तिघे. बरोब्बर भागाकार न होणारी पै दिसली की तिघांच्या वाटणीत पुन्हा तिघे.

या गावचं पान: त्रिंबकाच्या वंशजांकडे मिळून आठ आणे. रंगोच्या वंशजांकडे दोन आणे आठ पै. बापूजीच्या वंशजांकडे दोन आणे आठ पै. एवढ्याने तेरा आणे चार पै झाले. उरलेले दोन आणे आठ पै स्वतंत्र ओळीत, ‘महादाजी कृष्णाजीचे वंशज, गैरहजर’, वहिवाट रंगोच्या शाखेकडे. बेरीज सोळा आणे पुरी.

म्हणजे कृष्णाजीला तिघे होते, तिसऱ्याचं नाव महादाजी, आणि कैफियतीनंतर वीसेक वर्षांनीही त्याची तक्षीम गावाने बुडवलेली नव्हती. त्र्यंबकेश्वरची नोंद शिशाची होती, ती आता शाईने. नामावळ बडोद्याच्या लोकांनी सांगितलेली, रजिस्टर सरकारने गावात केलेलं. दोघांनी एकमेकांची नक्कल केलेली असण्याचा संभव नाही.

तक्षिमांवर आंधळा विश्वास मात्र नको. शाखा निपुत्रिक गेली की तिचा वाटा जवळच्या भाऊबंदांत जिरतो आणि अपूर्णांक बदलतो. वाटा गहाण पडतो, विकला जातो, लेकीला आंदण दिलेलाही दिसतो. आधी बेरीज सोळा आण्यांना पुरी होते का ते पाहायचं. कमी भरली तर एखादं पान राहिलंय, जास्त भरली तर तोच वाटा दोन नावांवर चढलाय. कुलकर्ण वतनं १९५० च्या कायद्याने खालसा झाली, त्या वेळच्या चौकशीच्या कागदांत याच तक्षिमा पुन्हा येतात. तिथे ताडून घेतल्या, जुळल्या.

उरलेल्या दोन पिढ्यांचा फरक दोन त्रिंबकांचा. आज्याचं नाव नातवाला, त्यामुळे त्रिंबक मल्हार दोनदा येतो. १७७५ च्या सनदेतला त्रिंबक आणि १८२० च्या सुमारास सही करणारा त्रिंबक एकच धरला तर त्याचं कर्तं वय पंचेचाळीस वर्षांहून जास्त होतं. अशक्य नाही, पण १८२० च्या कागदावर त्याच्या शेजारी साक्षीदार म्हणून त्याचा चुलता सही करतो, आणि मूळपुरुषाचा थोरला मुलगा असलेल्याला हयात चुलता असणं बाकीच्या कागदांत कुठेच बसत नाही. दोघे वेगळे. साताऱ्याची वंशावळ बरोबर, गावच्या वंशावळीत दोघांचा एक झालेला आणि मधला मल्हार गळलेला.

२९ एप्रिल

हयात व्यक्तींसाठी नियम: छापील पुस्तकात जन्माचं फक्त वर्ष, पत्ता आणि दूरध्वनी नाही, लेखी संमतीशिवाय नोंदच नाही. लेकींचा विस्तार एक पिढी सासरी नेऊन थांबवायचा, सूचीत माहेर आणि सासर दोन्ही नावांनी. सुनांची नोंद पूर्वाश्रमीच्या पूर्ण नावासह, वडिलांचं गाव मिळालं तर तेही. पहिल्या आवृत्तीत ‘पत्नी: सौ. लक्ष्मी’ यापुढे काही नव्हतं. त्यातल्या बऱ्याच जागा ९ जानेवारीच्या यादीतून भरल्या.

प्रत्येक नोंदीपुढे आधाराची खूण: फे (फेरफार), ज (नमुना १४), इ (इनाम कमिशन), व (वतन रजिस्टर), ना (नामावळ), छा (पहिली आवृत्ती), ऐ (ऐकीव). एकट्या ‘ऐ’वर उभी असलेली नावं तिरप्या ठशात.

१३ मे

छपाईची प्रत तयार. मुखपृष्ठाच्या मागे मूळ गाव, जुना परगणा, आजचा तालुका-जिल्हा, वतन, गोत्र आणि घराण्यात चालणारी सगळी आडनावं छापायची. ग्रंथालयाची तालिका तिथूनच भरली जाते. शीर्षकात ‘कुलवृत्तान्त’ हा शब्द हवा, उपशीर्षकात गाव.

प्रतींची वाटणी: १९५४ च्या ग्रंथ वितरण कायद्याप्रमाणे कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. घरगुती प्रकाशनं हे बहुधा करत नाहीत. त्याशिवाय भारत इतिहास संशोधक मंडळ, ठाणे, दादर, आणि मूळ गाव ज्या तालुक्यात आहे तिथलं ग्रंथालय. मोडी कागदांचं बाळबोध आणि छायाप्रती निराळ्या पेटीत मंडळाकडे द्यायच्या, पुस्तकासोबत नाही.

बाकी: महादाजीच्या शाखेच्या बडोद्यातल्या पहिल्या दोन पिढ्या. गायकवाडीतल्या नोकरीचा कागद वडोदऱ्याच्या पुरालेखागारात पाहायचा आहे. त्यासाठी हुद्दा आणि महाल (बडोदे संस्थानातला तालुका) आधी ठरवायला हवा. नामावळीत नुसतं ‘नोकरी सरकारी’ आहे. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडून त्याच कुटुंबाची १९३२ ची नोंद मागितली आहे, तीत मुक्कामाचं गाव असल्यास महाल कळेल. रंगोच्या शाखेतल्या चार स्त्रियांची माहेरं अजून रिकामी.